डिजिटल टिपणांचे स्थानांतर : स्वरूप, हानी आणि दक्षता

१

संशोधनकार्याचा फार मोठा भाग टिपणे घेण्यात खर्च होतो. प्रबंध लिहून होईपर्यंत संशोधकाची सारी मिळकत टिपणांच्याच रूपात असते. आणि प्रबंध पुरा झाल्यावरही त्यातील एखाद्या विधानास आधार कोणता, या प्रश्नाचे उत्तर टिपणांतच शोधावे लागते. ही टिपणे पूर्वी कागदावर असत. घर बदलले की कागदांचा गठ्ठा उचलून नव्या कपाटात ठेवावा, एवढेच त्यांचे स्थानांतर होते. आज बहुतेक अभ्यासकांची टिपणे फोनवर व संगणकावर असतात, आणि त्यांना तीन आधार लागतात : ज्या खात्याच्या नावावर ती आहेत ते खाते, ज्यावर ती दिसतात ते उपकरण आणि ज्याच्या साहाय्याने ती लिहिली जातात ते ॲप. यांपैकी कोणताही एक आधार सुटला की टिपणे हलवावी लागतात.

असे प्रसंग विरळा नाहीत. संस्थेने विद्यार्थ्यास दिलेले खाते पदवीनंतर काही काळाने बंद होऊ शकते. फोन बिघडतो. ॲपच्या अटी बदलतात. उदाहरणार्थ, २००८ पासून सर्वांना खुले असलेल्या एव्हरनोट या ॲपची मालकी २०२३ च्या आरंभी एका इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात विनाशुल्क वापरणाऱ्यांवर ५० टिपणे व एक टिपणवही अशी मर्यादा घालण्यात आली. पुष्कळ वापरणाऱ्यांना तेव्हा आपल्या टिपणांसाठी दुसरे घर शोधणे भाग पडले.

स्थानांतर म्हणजे मजकुराची नक्कल, अशी सर्वसाधारण समजूत आहे. मजकूर नव्या ठिकाणी दिसू लागला की काम झाले असे मानून जुने खाते पुसले जाते. ही समजूत अपुरी कशी, आणि तिच्यामुळे होणारी हानी पुष्कळदा उशिरा का कळते, हे दाखविणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२

टिपणाचे पृथक्करण केले असता त्यात चार घटक आढळतात. पहिला मजकूर, म्हणजे लिहिलेले शब्द. दुसरा मांडणी : शीर्षके, याद्या, कोष्टके, अधोरेखन, रंग. तिसरा संबंध : टिपण कोणत्या वहीत आहे, त्याला कोणते टॅग लावले आहेत, त्यातून कोणत्या टिपणाकडे दुवा जातो, त्याला कोणते छायाचित्र वा ध्वनिमुद्रण जोडले आहे. चौथा बाह्य नोंदी : टिपण केव्हा केले व केव्हा बदलले. मजकूर डोळ्यांना दिसतो, म्हणून त्याची हानी लगेच ध्यानात येते. संबंध व बाह्य नोंदी या ॲपच्या अंतर्रचनेत असतात. त्या गळून पडल्या तरी पृष्ठावर काहीच उणे दिसत नाही.

या बाबतीत पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संस्कृत महाकोशाचे कार्य बोधप्रद आहे. १९४८ साली डॉ. सु. मं. कत्रे यांच्या मार्गदर्शनाखाली या कोशास प्रारंभ झाला. सुमारे १५०० ग्रंथांतून जवळजवळ एक कोटी चिठ्ठ्या तयार झाल्या आणि पहिला खंड १९७६ साली प्रसिद्ध होऊ लागला. चिठ्ठ्या करणारे हात आणि त्यांवरून नोंदी लिहिणारे हात वेगळे, आणि मध्ये कित्येक वर्षांचे अंतर. तरी काम अडले नाही. याचे कारण शब्द, त्याचा संदर्भ आणि ग्रंथाचे नाव ही माहिती चिठ्ठीवरच लिहिलेली असते. चिठ्ठी खणातून बाहेर पडली तरी ती कोठली हे ती स्वतःच सांगते. डिजिटल टिपण मात्र आपली ओळख बहुधा ॲपवर सोपवून मोकळे होते. ॲप बदलले की ती ओळख जाण्याचा संभव उत्पन्न होतो.

३

स्थानांतराचे तीन प्रकार वेगवेगळे समजून घेतले पाहिजेत.

उपकरण बदलणे हा पहिला प्रकार वरकरणी सर्वांत सोपा. टिपणे सर्व्हरवर असतील तर नव्या फोनवर त्याच खात्याने प्रवेश करताच ती दिसू लागतात. परंतु ती सर्व्हरवर आहेत की नाही, हेच पुष्कळांना ठाऊक नसते. आयफोनवरील नोट्स या ॲपमध्ये काही टिपणे आयक्लाउडच्या खात्यात, काही एखाद्या ईमेल खात्याखाली आणि काही केवळ त्या फोनवर असू शकतात, आणि ती एकाच पडद्यावर शेजारीशेजारी दिसतात. ईमेलचे खाते फोनवरून काढले तर त्याखालील टिपणे फोनवरून नाहीशी होतात. केवळ फोनवर असलेली टिपणे फोनबरोबरच जातात. शिवाय, सिंक होणे म्हणजे सुरक्षित प्रत असणे नव्हे. सिंकमध्ये भर जशी सर्व उपकरणांवर पोचते, तशीच खोडही पोचते.

दुसरा प्रकार खाते बदलण्याचा. ॲप तेच, मालक व्यक्ती तीच, केवळ खाते नवे. म्हणून हे काम क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात ॲपच्या दृष्टीने दोन खाती म्हणजे दोन परकी माणसे होत. गूगल कीपमध्ये दुसऱ्या खात्यास सहयोगी म्हणून टिपणात घेता येते. परंतु टिपणाची मालकी मूळ खात्याकडेच राहते, आणि मूळ मालकाने ते पुसले की सहयोग्यासही ते दिसेनासे होते. संस्थेचे खाते बंद होण्यापूर्वी टिपणे स्वतःच्या खात्याशी वाटून घेतली, म्हणून निर्धास्त राहणारा विद्यार्थी येथेच फसतो. सहयोगी खात्यातून टिपणाची प्रत काढली तर ती नव्या खात्याची होते खरी. पण ते नवे टिपण ठरते आणि त्याचा निर्मितिदिनांक प्रत काढल्याच्या दिवसाचा पडतो.

तिसरा प्रकार ॲप बदलण्याचा. येथे टिपणे एका स्वरूपातून दुसऱ्या स्वरूपात न्यावी लागतात. एव्हरनोटमधून टिपणे एनेक्स नावाच्या फाईलरूपाने बाहेर पडतात. या फाईलमध्ये शीर्षक, मजकूर, टॅग, निर्मितीचा व बदलाचा दिनांक आणि जोडलेली चित्रे एवढे सारे असते. परंतु टिपण कोणत्या वहीतले, हे तीत नसते. एका टिपणातून दुसऱ्याकडे जाणारे दुवे एव्हरनोटच्या अंतर्गत क्रमांकांवर उभारलेले असतात. ते क्रमांक नव्या ॲपला अपरिचित असल्याने दुवे निकामी होतात. गूगल कीपमधील टिपणे टेकआउट या सोयीने मागविली असता प्रत्येक टिपणाची एक एचटीएमएल व एक जेसन फाईल मिळते. दिनांक जेसन फाईलमध्ये १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या मायक्रोसेकंदांच्या रूपात असतो. तो वाचण्याची सोय नव्या ॲपमध्ये नसेल तर सर्व टिपणांवर आयातीच्या दिवसाचाच दिनांक पडतो.

दिनांकाच्या बाबतीत आणखी एक खाच आहे. एनेक्समधील वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते आणि भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून ५ तारखेस पहाटे ४ वाजता केलेल्या टिपणाची नोंद फाईलमध्ये ४ तारखेच्या रात्री १०.३० अशी असते. आयात करणाऱ्या ॲपने हा फरक जमेस धरला नाही, तर क्षेत्रकार्यातील ध्वनिमुद्रणाची तारीख एका दिवसाने चुकते.

४

हानी का होते याचे स्पष्टीकरण मराठीच्या अभ्यासकास परिचित अशा एका उदाहरणाने करता येईल. मोडी लिपीत ऱ्हस्व व दीर्घ इकार-उकारांचा भेद रूढीने पाळला जात नाही. बाळबोध लिपीतील मजकूर मोडीत उतरविला आणि केवळ त्या मोडीवरून पुन्हा बाळबोधात आणला, तर मुळातील ऱ्हस्वदीर्घ परत मिळेलच असे नाही. त्यात लेखकाचा हलगर्जीपणा नसतो. जो भेद दाखविण्यास मधल्या लिपीत चिन्हच नाही, तो भेद तेथे गळतो.

फाईलस्वरूपांचेही असेच आहे. जॉन ग्रुबर यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेले मार्कडाउन हे स्वरूप आज अनेक टिपण-ॲपांचा सामान्य दुवा बनले आहे. ते साध्या मजकुराचेच स्वरूप असल्यामुळे कोणत्याही संगणकावर वाचता येते, हा त्याचा मोठा गुण. परंतु मूळ मार्कडाउनमध्ये अधोरेखनास वा रंगास चिन्ह नाही. समजा, एखाद्या विद्यार्थ्याने बोलीतील शब्दांच्या यादीत तत्सम शब्द तांबड्या, तद्भव निळ्या व देश्य हिरव्या रंगात लिहिले. ही यादी मार्कडाउनमध्ये गेली की सारे शब्द काळे होतात. शब्द एकही गळत नाही, पण वर्गीकरण संपूर्ण जाते. तेच वर्गीकरण शब्दापुढे ‘त.’, ‘तद्.’, ‘दे.’ अशा अक्षरांनी केले असते तर ते सुखरूप पोचले असते.

दुव्यांचाही प्रकार असाच. ऑब्सिडियनसारख्या ॲपमध्ये दुसऱ्या टिपणाचे शीर्षक दुहेरी चौकोनी कंसात लिहून दुवा देतात. ही खूण न जाणणाऱ्या ॲपमध्ये दुवा चालत नाही. तथापि कंसातील शीर्षक वाचता येते, आणि संबंध कोणाशी होता हे कळते. अंतर्गत क्रमांकावरचा दुवा तुटला की केवळ त्या क्रमांकावरून हे कळत नाही.

५

मराठी टिपणांस आणखी काही धोके आहेत. युनिकोडपूर्व फाँटांत, उदाहरणार्थ कृतिदेवमध्ये, टंकलेला मजकूर आतून रोमन अक्षरांच्याच संकेतांकांचा असतो. देवनागरी रूप त्याला फाँट देतो. असा मजकूर साध्या टिपणात नेला की फाँट सुटतो आणि अर्थहीन रोमन अक्षरे उरतात. म्हणून त्याचे युनिकोडीकरण स्थानांतरापूर्वीच करणे आवश्यक ठरते.

युनिकोडमधील मजकूरही सर्वस्वी निर्धोक नसतो. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग; एकात रफार, दुसऱ्यात आडवा अर्धा र. हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो : ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षरास हलन्तचिन्ह जोडून, किंवा ‘र’ व हलन्तचिन्ह यांपुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालून. दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या शब्दातील अदृश्य चिन्ह एखाद्या प्रोग्रामने अनावश्यक समजून काढले, तर ‘दऱ्या’चे ‘दर्या’ होते. आणि ‘आचाऱ्यास’ दिलेला शिधा ‘आचार्यास’ मिळतो. तसेच ‘ॲ’ हे अक्षर स्वतंत्र संकेतांकाने युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आले. त्यापूर्वी ते ‘अ’वर चंद्र देऊन लिहीत, आणि आजही पुष्कळजण तसे लिहितात. दोन्ही रूपे डोळ्यांना सारखीच. पण युनिकोडच्या नियमांनुसार ती समतुल्य नाहीत, आणि एका रूपाने शोध घेतला असता दुसऱ्या रूपातील टिपण सापडेलच असे नाही. न सापडणारे टिपण संशोधकाच्या दृष्टीने असून नसल्यासारखेच होय.

६

यावरून कार्यपद्धती सहज निष्पन्न होते. प्रथम मोजदाद करावी : टिपणे किती, वह्या किती, जोडलेल्या फाईली किती, आणि ती कोणकोणत्या खात्यांत आहेत. नंतर सर्व टिपणे निर्यात न करता दहाबारा निवडक टिपणांवर प्रयोग करावा. त्यांत कोष्टक असलेले, चित्र व ध्वनिमुद्रण असलेले, दुवे असलेले आणि सर्वांत जुने अशी टिपणे अवश्य असावीत. प्रयोगात जे गळले ते मूळ ठिकाणीच मजकुरात लिहून काढावे : वहीचे नाव, दिनांक, स्थळ, स्रोतग्रंथ व पृष्ठांक. संख्या फार असेल तर निदान प्रबंधास आधारभूत टिपणांपुरते तरी हे करावे. त्यानंतर एकेक वही स्वतंत्रपणे निर्यात करून फाईलला वहीचे नाव द्यावे, म्हणजे एनेक्समधील उणीव भरून निघते. निर्यात झालेल्या मूळ फाईली, नव्या ॲपमध्ये आयात यशस्वी झाली तरीही, जशाच्या तशा दोन ठिकाणी जपाव्यात. नव्या ॲपने जे वाचले नाही ते त्यांत शिल्लक असते.

आयातीनंतर पडताळणी करावी. टिपणांची संख्या जुळते काय, जुन्या टिपणांचे दिनांक बरोबर आहेत काय, चित्रे उघडतात काय, आणि ‘दऱ्या’, ‘ॲ’ यांसारखी रूपे असलेले शब्द शोधले असता सापडतात काय, हे पाहावे. ही पडताळणी पुरी होऊन काही महिने नव्या ठिकाणी काम केल्यावरच जुने खाते पुसण्याचा विचार करावा. संस्थेचे खाते बंद होणार असेल तर तेवढी सवड मिळत नाही. म्हणून हे काम प्रबंध सादर करण्यापूर्वी हाती घेणे श्रेयस्कर.

७

येथे अशी शंका येईल की, ही जबाबदारी ॲप पुरविणाऱ्यांची नव्हे काय? युरोपीय संघाच्या २०१६ च्या माहिती-संरक्षण नियमावलीने, जी २५ मे २०१८ पासून लागू झाली, २० व्या कलमात व्यक्तीला आपण दिलेली माहिती यंत्राला वाचता येईल अशा रूढ स्वरूपात परत मिळण्याचा अधिकार दिला आहे. भारतातील २०१९ च्या विधेयकात असा अधिकार होता. २०२३ च्या अधिनियमात मात्र तो नाही. तथापि हा अधिकार मिळाला तरी प्रश्न संपत नाही. कायदा माहिती परत मिळवून देईल. रंगांनी केलेले वर्गीकरण किंवा वहीच्या नावात दडलेला संदर्भ दुसऱ्या ॲपला समजेल, याची हमी कायदा देऊ शकत नाही.

सारांश, टिपणाच्या मजकुरात जे लिहिलेले असते तेच प्रवासात टिकण्याचा भरवसा अधिक. जे ॲपच्या रचनेवर सोपविलेले असते ते ॲपबरोबर जाण्याचा संभव. टिपण घेतानाच स्रोत, पृष्ठांक, दिनांक व स्थळ यांची एक ओळ मजकुरात लिहिण्यास अर्धे मिनिट लागते. ती ओळ नसेल तर पाच वर्षांनी परीक्षकाने आधार विचारला असता अवतरण हाती असेल, पण ते कोठून घेतले हे सांगता येणार नाही. आणि असे अवतरण प्रबंधातून काढूनच टाकावे लागते.