धार्मिक पाठशाळांतील विज्ञानशिक्षण

पुण्याच्या मंडईपासून हाकेच्या अंतरावर विश्रामबागवाडा आहे. 1821 साली तेथे इंग्रज सरकारने पेशवाईतील दक्षिणेच्या रकमेतून संस्कृत पाठशाळा स्थापन केली. वेद, न्याय, व्याकरण व धर्मशास्त्र यांच्या जोडीला ज्योतिष आणि वैद्यक हे विषयही तीत होते. धर्माध्ययनाच्या शाळेत शास्त्रीय विषय असावेत की नसावेत, हा प्रश्न तेथे नव्हताच. ते कोणत्या रीतीने शिकवावेत, हा खरा प्रश्न होता आणि आजही तोच आहे.

याच सुमारास भोपाळ संस्थानातील सिहोर येथे लान्सलॉट विल्किन्सन या इंग्रज अधिकाऱ्याने एक निराळा मार्ग अवलंबिला. विद्यार्थ्यांपुढे कोपर्निकसाचे मत एकदम न ठेवता त्याने भास्कराचार्यांच्या ‘सिद्धान्तशिरोमणी’पासून आरंभ केला. पृथ्वी गोल व निराधार आहे, आणि परिघाचा अल्प भागच दृष्टीस पडत असल्यामुळे ती सपाट भासते, हे 1150 सालच्या त्या ग्रंथात सयुक्तिक सांगितलेले आहे. मात्र भास्कराचार्यांची पृथ्वी स्थिर आहे. तेथून पुढची पायरी कोपर्निकसाची. विल्किन्सनचे सहकारी सुबाजी बापू यांनी हा विषय मराठीतही मांडिला. त्यावर पुण्याचे ज्योतिषी यज्ञेश्वर ऊर्फ बाबा जोशी रोडे यांनी पुराणांच्या बाजूने ‘अविरोधप्रकाश’ लिहून उत्तर दिले. ग्रंथाला ग्रंथाने उत्तर मिळाले, हे आमच्या मते त्या शिक्षणाचे यशच होय. जे नुसते पाठ केले जाते, त्याच्याशी कोणी वाद घालीत नाही.

आता आजची स्थिती पाहू. बालकांच्या शिक्षणहक्काच्या कायद्यात 2012 साली दुरुस्ती होऊन मदरसे, वैदिक पाठशाळा व मुख्यतः धर्मशिक्षण देणाऱ्या संस्था त्यातून वगळण्यात आल्या. महाराष्ट्र शासनाने 2013 साली डॉ. झाकिर हुसेन यांच्या नावाची मदरसा आधुनिकीकरण योजना काढून विज्ञान, गणित आदी विषयांच्या शिक्षकांसाठी मानधनाची सोय केली. डी.एड. झालेल्या शिक्षकाचे मानधन 2024 साली 6000 रुपयांवरून 16000 रुपये करण्याचा निर्णय झाला. ही वाढ आवश्यकच होती. परंतु शिक्षक आला, तास लागला, पुस्तक वाचून झाले, एवढ्याने विज्ञान आले असे होत नाही. आपल्या शाळांतही, स्पष्टच सांगावयाचे तर, पुष्कळदा एवढेच होते.

कसोटी कशी घ्यावी? पंचांग पाहणाऱ्या बटूला तिथी ठाऊक असते. मदरशातील मुलाने ईदचा चंद्र सूर्यास्तानंतर पश्चिमेस शोधलेला असतो. दोघांनाही एकच प्रश्न विचारावा: चंद्रग्रहण पौर्णिमेसच का होते, आणि प्रत्येक पौर्णिमेस का होत नाही?

उत्तरासाठी लागणारे साहित्य भाजीबाजारात मिळते. सुमारे 8 सेंटिमीटर व्यासाचे मोसंबे ही पृथ्वी. 2 सेंटिमीटरचे बोर हा चंद्र. ही दोन्ही काडीला टोचून त्यांच्यामध्ये सुमारे 2 मीटर 40 सेंटिमीटर अंतर ठेवावे, कारण चंद्र पृथ्वीपासून पृथ्वीच्या सुमारे 30 व्यासांइतका दूर आहे. (पुस्तकांतील आकृत्यांत हे अंतर इतके आखडलेले असते की, ग्रहण दर महिन्यास का होत नाही हे मुलांना उमगतच नाही.) सकाळच्या कोवळ्या उन्हात मोसंब्याची छाया बोरावर पाडावी, हे चंद्रग्रहण. चंद्राची कक्षा सुमारे 5 अंशांनी कललेली आहे. त्या हिशेबाने बोर या अंतरावर सुमारे 21 सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ एक वीत, वर किंवा खाली जाऊ शकते. मोसंब्याची छाया मात्र 8 सेंटिमीटरांहून रुंद नाही. बोर वीतभर वर धरताच ते उन्हात येते.

हा प्रयोग करताना ग्रहणासंबंधीच्या कोणाच्याही आचारावर टीका करण्याचे कारण नाही. बोर मुलाच्याच हाती द्यावे, छाया त्यालाच शोधू द्यावी, आणि पुढील पौर्णिमेस सूर्य मावळताना चंद्र कोणत्या दिशेस उगवला, हे त्याने दुसऱ्या दिवशी वर्गात येऊन सांगावे.