क्षेपणास्त्र नौका कराचीला कशा पोचल्या?

४ डिसेंबरला नौदल दिन असतो. तो त्याच तारखेला का, हे विचारलं तर पुष्कळांना सांगता येत नाही. त्याची हकिगत १९७१ सालच्या भारत-पाकिस्तान युद्धातली आहे.

तेव्हा आपल्या नौदलाकडे रशियाकडून घेतलेल्या आठ क्षेपणास्त्र नौका होत्या. दिवाळीतला बाण सुटला की भलतीकडेच जातो. क्षेपणास्त्राचे तसे नसते. त्याच्या तोंडाशी रडार असते, ते समोरचे जहाज हुडकते आणि क्षेपणास्त्र थेट त्यावर आदळते. तेही सुमारे ४० किलोमीटरवरून!

नौका मात्र एवढीशी. लांबी सुमारे ३९ मीटर, माणसे तीसएक, क्षेपणास्त्रे चार. पळायची मात्र तासाला सत्तर किलोमीटर. मोठ्या विनाशिकेपुढे ती म्हणजे म्हशीपुढे करडू. पण तिचा मारा विनाशिकेच्या तोफेहून लांबचा.

खोट एकच होती. तिच्या पोटात तेल थोडे मावायचे. ती बांधलेलीच मुळी आपले बंदर राखायला. मुंबईहून कराची जवळजवळ ९०० किलोमीटर, आणि नुसते जाऊन भागते का? परतही यायचे असते!

यावर युक्ती निघाली ती अशी. या नौका रशियातून जहाजावर चढवून आणल्या तेव्हा कलकत्त्याला उतरवाव्या लागल्या, कारण एवढे वजन पेलणारी क्रेन मुंबई बंदरात नव्हती. तिथून मोठ्या जहाजांनी दोर बांधून त्या मुंबईपर्यंत ओढत आणल्या. बंद पडलेल्या ट्रॅक्टरला टोचन लावतात ना, अगदी तसेच. मग युद्धातही काही वाट अशीच ओढत नेली तर तेल वाचेल, हे ध्यानात आले. तसा सराव झाला. शिवाय ‘पोषक’ नावाचे तेलाचे जहाज मदतीला ठेवले.

४ डिसेंबरला निपात, निर्घात आणि वीर या तीन नौका निघाल्या. प्रमुख होते कमांडर बब्रुभान यादव. सोबतीला किल्तान व कच्छल ही मोठी जहाजे. हल्ला मुद्दाम रात्री ठेवला, कारण दिवसाउजेडी विमानांनी गाठले असते तर या नौकांचा टिकाव लागला नसता. निर्घातने ‘खैबर’ ही विनाशिका बुडवली, वीरने ‘मुहाफिज’ हे सुरुंग काढणारे जहाज. निपातने एका मालवाहू जहाजावर मारा केला नि एक क्षेपणास्त्र कराची बंदराच्या दिशेने सोडले. आपला एकही माणूस दगावला नाही. खैबरवरचे दोनशेहून जास्त खलाशी मात्र गेले. ते वाचून वाईट वाटते.

यादवांना पुढे महावीर चक्र मिळाले.

८ डिसेंबरच्या रात्री पुन्हा हल्ला झाला. या खेपेस ‘विनाश’ ही एकटीच क्षेपणास्त्र नौका होती, बरोबर तलवार आणि त्रिशूल. तिने चारही क्षेपणास्त्रे सोडली. त्यातले एक कियामारीच्या तेलाच्या टाक्यांवर पडले, आणि तिथली आग कित्येक दिवस धुमसत राहिली.