‘क्रमशः’ ते ‘संपूर्ण गोष्ट’

ग्रंथालयात कादंबरी आपल्या हाती येते ती पुठ्ठ्याच्या बांधणीत, पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सलग. परंतु मराठीतील कित्येक नामांकित कादंबऱ्या प्रथम अशा अवतरल्याच नाहीत. त्या तुकड्यातुकड्यांनी, आठवड्यामागून आठवडा किंवा महिन्यामागून महिना, टपालाने वाचकांच्या दारी येत असत. प्रत्येक तुकड्याच्या अखेरीस ‘क्रमशः’ असा शब्द छापलेला असे आणि तो वाचून वाचकाला पुढील अंकापर्यंत थांबण्यावाचून गत्यंतर नसे.

या प्रथेचा आरंभ फार जुना आहे. १८६७ साली ‘विविधज्ञानविस्तार’ हे मासिक निघाले. त्याचे आद्य संपादक रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांची ‘मोचनगड’ ही ऐतिहासिक कादंबरी याच मासिकातून प्रसिद्ध झाली. तथापि या मासिकाचा मुख्य ओढा विद्वत्तापूर्ण लेखनाकडे होता. कथाकादंबरी घरोघर नेण्याचे श्रेय हरि नारायण आपटे यांनी १८९० साली पुण्यात काढलेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाला दिले पाहिजे. त्या वेळी ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांतून राजकारण व समाजसुधारणा यांवर घनघोर वाद चालले होते. वादाने जे साधत नाही ते गोष्टीने साधेल, अशी हरिभाऊंची धारणा होती. म्हणून त्यांनी पत्राला नावही साधे, घरगुती निवडले.

‘पण लक्षात कोण घेतो!’ ही त्यांची कादंबरी ‘करमणुकी’तून १८९० ते १८९३ या काळात प्रसिद्ध झाली. यमू नावाची मुलगी आपल्या बालपणाची, लग्नाची आणि वैधव्याची हकीकत स्वतःच्या तोंडाने सांगते. ही हकीकत एका बैठकीत वाचून संपली असती तर तिचा परिणाम कदाचित निराळा झाला असता. येथे मात्र वाचक यमूच्या सहवासात जवळजवळ तीन वर्षे राहिला. ती मोठी होत गेली ती त्याच्या डोळ्यांदेखत. ज्या घरांत विधवांच्या दुःखाविषयी बोलणेही अप्रशस्त मानले जाई, तेथे करमणुकीच्या नावाखाली ते दुःख माजघरापर्यंत पोहोचू शकले. शंभर व्याख्यानांना तेथे प्रवेश मिळाला नसता.

या पद्धतीचे तोटेही होते. अंकाची तारीख लेखकासाठी थांबत नसे. पुढील प्रकरण मनासारखे साधो वा न साधो, मजकूर छापखान्यात गेलाच पाहिजे. त्यामुळे कथानकात पाल्हाळ शिरे, आणि क्वचित कथा अर्ध्यावरच राही. हरिभाऊंची ‘कर्मयोग’ ही कादंबरी अशीच अपूर्ण राहिली. ‘करमणूक’ सुमारे २७ वर्षे चालून १९१७ साली बंद पडले.

एकाच अंकात किंवा थोडक्या अंकांत संपणाऱ्या गोष्टींना हरिभाऊ ‘स्फुट गोष्टी’ म्हणत. पुढे काशिनाथ रघुनाथ मित्र यांच्या ‘मनोरंजन’ मासिकात विठ्ठल सीताराम गुर्जर यांच्या गोष्टी ‘संपूर्ण गोष्ट’ म्हणून झळकू लागल्या. ‘संपूर्ण’ या एका विशेषणात वाचकाला केवढे आश्वासन होते! गोष्ट याच अंकात सुरू होईल आणि याच अंकात संपेल. मासिकाची ठरावीक पाने आणि वाचकाचा फावला वेळ यांच्या मापाने गोष्ट आटोपशीर झाली, आणि त्या मापातूनच आजच्या कथेचा बांधा तयार झाला. मूळचे आजगावकर असलेल्या संपादकांनी ‘मित्र’ हे आडनाव घेतले ते बंगाली साहित्याच्या प्रेमाने. १८९५ साली सुरू झालेल्या या मासिकाने इंग्रजी नियतकालिकांच्या नाताळ अंकांचा कित्ता गिरवून १९०९ साली दिवाळी अंक काढला.

पुढे मासिकांची रांगच लागली. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याचे वृत्त देण्यासाठी १९२० साली निघालेले पत्रक ‘किर्लोस्कर’ या लोकप्रिय मासिकात परिणत झाले, आणि १९३० साली त्याला ‘स्त्री’ची जोड मिळाली. १९२६ साली निघालेल्या ‘रत्नाकर’च्या काळात ‘लघुकथा’ हे नाव रूढ झाले.

१९३३ साली निघालेल्या ‘सत्यकथे’चे नाव मोठे गमतीचे; कारण तीत कल्पित कथा छापल्या जात. स्वातंत्र्याच्या सुमारास गंगाधर गाडगीळ, अरविंद गोखले, व्यंकटेश माडगूळकर प्रभृतींची ‘नवकथा’ या मासिकाच्या आश्रयाने वाढली. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन हे संपादक आलेली कथा केवळ स्वीकारीत किंवा नाकारीत नसत. कोठे काय उणे आहे हे लेखकाला पत्राने कळवून ती पुन्हा लिहावयास सांगत. अनोळखी लेखकाच्या हस्तलिखितावर इतके श्रम घेणारा संपादक विरळाच. अशा काटेकोरपणामुळे काही तरुण लेखकांना हे मासिक बंदिस्त वाटू लागले, आणि १९६९ साली त्यांनी त्याची जाहीर होळी केली. तो राग अगदीच निराधार नव्हता. परंतु होळी करण्याजोगे महत्त्व त्या अंकाला होते, हेही त्यातून दिसले.

वर्गणीदारांच्या बळावर चालणाऱ्या मासिकाला वाढता खर्च फार काळ सोसत नाही. ‘सत्यकथा’ १९८२ साली बंद पडली. आजही दिवाळीत शेकडो अंक निघतात आणि नव्या लेखकाची पहिली कथा पुष्कळदा त्यांतच छापून येते. मात्र तिच्यानंतरची कथा वाचण्यासाठी वाचकाला बहुधा पुढल्या दिवाळीची वाट पाहावी लागते.