बाळंतिणीचा ताप

2006 सालची गोष्ट. बँकेच्या नोकरीत मी साखऱ्याला होतो. घरमालकांची लेक बाळंतपणाला माहेरी आलेली. आठव्या दिवशी ताप चढला, उजव्या कुशीत कळा. "वारं लागलं," आजी म्हणाली. शेकशेगडी झाली, इंजेक्शनं झाली, ताप हटेना. मला अपेंडिक्स वाटलं. (बँकवाल्याला सगळंच कळतं!) नांदेडला सी. टी. स्कॅन केला, तर बीजकोशाच्या शिरेत रक्ताची गुठळी!

बाळंतपणात रक्त लवकर गोठतं. ही गुठळी बहुधा उजवीकडेच होते. सुटून फुफ्फुसात गेली तर जिवावर बेततं. म्हणून प्रतिजैविकांनी न उतरणाऱ्या तापात डॉक्टरांना गुठळीबद्दल जरूर विचारावं. तिला प्रतिजैविकांसोबत हेपॅरिन दिलं, पुढे काही महिने रक्त न गोठू देणाऱ्या गोळ्या. लेक सुधारली. आजी मात्र शेवटपर्यंत 'वारं'च म्हणायची.