पाणी उद्या येईल, असं काकू म्हणाल्या

डायरेक्ट-इनडायरेक्टचा धडा आला की फळ्यावर आधी तक्ता काढायची रीत आहे. डावीकडे धिस, हिअर, नाऊ, टुडे, टुमॉरो. उजवीकडे दॅट, देअर, देन, दॅट डे, द नेक्स्ट डे. मुलं तो पाठ करतात, दहावीच्या पेपरातलं वाक्य बदलतात आणि गुण घेऊन मोकळी होतात. सिडकोतल्या माझ्या शिकवणीत हा तक्ता मी सगळ्यात शेवटी काढते. आधी पाण्याचं वाक्य घेते. या शहरात ‘उद्या’ला वजन आहे. पैठणच्या नाथसागरातून येणारं पाणी आमच्या नळांना रोज येत नाही, काही दिवस मध्ये जातात, आणि पुढची पाळी कधीची हे घरातल्या लहानग्यालाही ठाऊक असतं.

तर वाक्य असं: आँटी सेड, “द वॉटर विल कम टुमॉरो.” हात वर होतात, द नेक्स्ट डे, द नेक्स्ट डे. मी थांबवते आणि विचारते, काकू बोलल्या कधी? तू सांगतोयस कधी? आणि कुणाला? काकू सकाळी बोलल्या आणि तू दुपारी आईला सांगतोयस, तर उद्या अजून उद्याच आहे. मग टुमॉरो तसंच ठेवायचं, ‘विल’ही ठेवलं तरी चालतं. पण चार दिवसांनी मामाला सांगताना टुमॉरो म्हटलंस, तर मामा भलत्याच दिवशी ड्रम रिकामे करून बसेल. तिथे द नेक्स्ट डे हवं आणि ‘विल’चं ‘वुड’ हवं. परीक्षेत मात्र द नेक्स्ट डेच लिहा, हेही सांगते. पेपरातल्या वाक्याला सांगणाऱ्याची वेळ दिलेली नसते.

खरी अडचण ‘वुड’पाशी येते. मराठीत काकूंचं क्रियापद जागचं हलत नाही. महिन्यानंतर सांगितलं तरी ‘दुसऱ्या दिवशी पाणी येईल, असं काकू म्हणाल्या’ असंच आपण म्हणतो. इंग्रजी मात्र सांगणाऱ्याच्या घड्याळाप्रमाणे काकूंचं क्रियापद भूतकाळात ओढते. मुलं त्या ‘वुड कम’चं मनात मराठी करतात, ‘येणार होतं’, आणि इथे फसगत होते. आपल्याकडे ‘पाणी येणार होतं’ म्हटलं की ऐकणारा ओळखतो, आलं नाही. इंग्रजी ‘वुड’ त्याबद्दल काहीच बोलत नाही. पाणी आलं असेल, नसेल. हा फरक तक्त्यात मावत नाही, आणि तो उलगडायला मी हवा तेवढा वेळ देते.

शहागंजकडून येणारी मुलं घरी दखनी बोलतात. त्यांच्याकडे हेच वाक्य ‘कल पानी आता बोलके चाची बोली’ असं होतं. आपलं ‘येतो म्हणून सांगून गेला’ याच घडणीचं. तेलुगूतलं ‘अनि’, कन्नडमधलं ‘अंत’ हेही ‘म्हणणे’ या क्रियापदातूनच आले आहेत. दख्खनभर ही सवय पसरलेली आहे: दुसऱ्याचं बोलणं आहे तसं उचलायचं आणि मागे ‘म्हणून’ लावायचं. म्हणून मराठी आणि दखनी घरांतली मुलं एकाच जागी अडखळतात. ‘आस्क्ड मी व्हेअर डिड आय लिव्ह’ असं दोघंही लिहितात. ‘मी कुठे राहतो असं त्यानं विचारलं’ यात शब्द इकडचे तिकडे होत नाहीत. इंग्रजीत प्रश्नाचा क्रम मोडून साध्या विधानाचा करावा लागतो, ‘व्हेअर आय लिव्ह्ड’. याला मुलांची चूक म्हणायला मी तयार नाही. ती आपल्या भाषेशी इमान राखून असतात.

काही ठिकाणी तर आपली भाषाच सरस आहे. ‘रमेशनं सुरेशला सांगितलं की आपण पास झालो’ आणि ‘तू पास झालास’ या दोहोंत गोंधळ नाही. इंग्रजीत दोन्हींचं ‘रमेश टोल्ड सुरेश दॅट ही हॅड पास्ड’ होतं, आणि मग वर्गातून प्रश्न येतोच, मॅडम, पास कोण झालं? या प्रश्नाचं मी मनापासून कौतुक करते. उत्तर वाक्यात नाही, ते आजूबाजूच्या मजकुरात शोधायचं. ‘एक्सक्लेम्ड विथ जॉय’ मात्र मी पटकन उरकते. आनंदानं ओरडलेली बाई जिवंत असते. या तीन शब्दांत ती सापडत नाही.

हे सगळं कशाला, असं विचारणाऱ्यांना मी अदालत रोडकडे बोट दाखवते. फौजदारी खटल्यात साक्ष साधारणपणे कथनाच्या रूपात नोंदवावी, असं जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत होतं आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. वकील विचारतो, “तुम्ही तिथे नव्हताच ना?” साक्षीदार म्हणतो, “होतो की!” कागदावर येतं, ‘मी तिथे नव्हतो हे म्हणणे खरे नाही.’ प्रश्न आणि उत्तर मिळून एकच वाक्य, साक्षीदाराच्या तोंडी. त्यातला ‘होतो की’चा ठसका गेला. म्हणूनच हवा तो भाग प्रश्नोत्तरांच्या रूपातच लिहून घेण्याची मुभा कायद्यानं न्यायाधीशाला दिली आहे, आणि मला ती फार मोलाची वाटते.

वर्गात शेवटी उलटा सराव घेते. ‘ही सेड दॅट ही हॅड पेड द बिल.’ याचं डायरेक्ट करा. कुणी लिहितं ‘आय पेड’, कुणी ‘आय हॅव पेड’, कुणी ‘आय हॅड पेड’. मुलं एकमेकांच्या वह्या खोडायला निघतात. तिन्ही बरोबर आहेत, असं सांगितल्यावर ती हटून बसतात. एक खरं असलंच पाहिजे. मग मी त्यांना म्हणते, तो माणूस नेमकं काय म्हणाला ते या वाक्यातून परत मिळणार नाही, त्याच्याकडे जाऊनच विचारावं लागेल. त्यानंतर तक्ता काढते.