हात चालला तर रोजी चालते!

डिलाईल रोडचे सरकारी नाव ना. म. जोशी मार्ग. कामगार पुढारी नारायण मल्हार जोशी यांचे नाव या रस्त्याला शोभते, कारण हा भाग हातांच्या मेहनतीवरच उभा राहिला. मुंबईच्या गिरण्यांतील साचेखात्यात मराठा कामगारांप्रमाणे मोमीन विणकरही साच्यांपुढे उभे राहत. 18 जानेवारी 1982 रोजी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि पुढे एकेक गिरणी थंडावली. भोंगे बंद झाले, हाताचे काम मात्र बंद झाले नाही. शिलाई मशीन, जरीचा अड्डा आणि कटिंगचे टेबल यांवर कारागीर आजही वाकलेलाच आहे. गिरण्यांच्या जागी झालेल्या कचेऱ्यांत संगणकापुढे बसणाऱ्यांचीही मान त्याच दुखण्याने धरली आहे.

परवा एका टेलर मास्तरांकडे आम्ही बसलो होतो. कात्री चालवता चालवता ते थबकले. म्हणाले, "भाई, रात्री हाताला मुंग्या येऊन झोप मोडते. ईदचा हंगाम तोंडावर आहे, सुट्टी कशी घेऊ?" नगावर मजुरी घेणाऱ्याचा हा खरा सवाल आहे. हात थांबवला तर त्या दिवसाची रोजी जाते. न थांबवला तर एक दिवस हातच थांबतो.

हे दुखणे नवे नाही. इटलीतील वैद्य रामाझिनी यांनी 1700 साली कारागिरांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. त्याच्या नंतरच्या आवृत्तीत एका लेखनिकाची हकीकत आहे. लिहून लिहून त्याचा उजवा हात निकामी झाला. तो डाव्या हाताने लिहायला शिकला, तर डाव्याचीही तीच गत झाली. जपानमध्ये कळा दाबण्याचे काम करणाऱ्यांत मान, खांदे व हात दुखण्याच्या तक्रारी वाढल्या, तेव्हा 1964 साली तेथील कामगार खात्याने मर्यादा घालून दिली: दिवसाला पाच तासांहून जास्त काम नको, तासाला दहा मिनिटे विश्रांती, आणि दिवसभरात 40,000 पेक्षा कमी ठोके.

असे का होते? माणसाचे डोके साडेचार ते पाच किलोचे. मान पुढे झुकली की तिच्यावरचा भार कित्येक पटीने वाढतो. एकाच स्थितीत ताणून धरलेल्या स्नायूला रक्त कमी मिळते, तो थकतो आणि आखडतो. मनगटातून जाणारी शीर दबली तर अंगठा, तर्जनी व मधले बोट बधिर होते. मधुमेह असलेल्यांना मनगटाचा हा त्रास आणि खांदा आखडणे अधिक होते. म्हणून साखरही तपासावी.

उपाय फार खर्चाचे नाहीत. कटिंगचे टेबल इतके उंच असावे की कमरेत वाकावे लागू नये. मशीनपुढे पाठीला आधार असलेली खुर्ची द्यावी. उजेड भरपूर असावा, म्हणजे कामावर मान घालावी लागत नाही. कात्रीला वेळेवर धार लावावी. बोथट कात्री मनगटाचे बळ खाते. दर तासाला पाच मिनिटे उठून खांदे व मान सैल करावी.

दुखणे दोन-तीन आठवडे राहिले, तर मालिश आणि दुकानातून आणलेल्या गोळ्यांवर भागवू नये. अशा गोळ्या सतत घेतल्याने पोट आणि मूत्रपिंड बिघडू शकते. परळचे के.ई.एम. रुग्णालय जवळच आहे. तेथे हाडांच्या विभागात दाखवावे, व्यायामोपचाराचीही सोय आहे. हातातली वस्तू गळून पडू लागली तर एक दिवसही थांबू नये. छातीत दाब, घाम आणि डाव्या हातात कळ असेल, तर ते मानेचे दुखणे समजू नका, ताबडतोब रुग्णालय गाठा.

शेवटी दोन शब्द कारखानदार बंधूंना. मशीनला तुम्ही न चुकता तेल घालता, कारण ते बंद पडले तर नुकसान तुमचे. वीस वर्षे हात बसलेला कारागीर बाजारात विकत मिळत नाही. त्याला तासाला पाच मिनिटे आणि एक बरी खुर्ची देणे हा उपकार नव्हे, धंद्याचाच हिशेब आहे.