पात्याचं पाणी फोटोत दिसत नाही

चाकू-सुऱ्या आणि तलवारी जमवणाऱ्यांना हल्ली बाजाराआधी मोबाइलवरचा समूह भेटतो. काय घ्यायचं आणि त्याला किती मोजायचं, हे बऱ्याचदा तिथंच ठरतं. हा समूह डोळा तयार करतो आणि खिसाही हलका करतो.

छत्रपती संभाजीनगरात 2018 च्या 11 आणि 12 मे रोजी दंगल झाली. त्याच महिन्याच्या अखेरीस पोलिसांनी शहरात तलवारी, चाकू, गुप्ती, कुकरी असा माल जप्त केला. तो कुठल्या अड्ड्यावर सापडलेला नव्हता. लोकांनी मोबाइलवरून मागवलेला तो माल कुरिअरने घरपोच चालला होता. 2022 च्या मार्चअखेर तसंच पुन्हा घडलं. या वेळी कुरिअरच्या खोक्यांतून 37 तलवारी आणि एक कुकरी निघाली. काही दिवसांतच पिंपरी-चिंचवडच्या दिघी पोलिसांनी नव्वदहून अधिक तलवारी पकडल्या आणि त्यातला मोठा साठा अमृतसरहून आपल्याच शहराकडे निघालेला होता.

यातला गुन्ह्याचा भाग पोलीस आणि न्यायालय पाहतील. इथं प्रश्न वेगळा आहे. गुलमंडीत किंवा शहागंजात जाऊन तलवार मागायला जो बिचकेल, तो मोबाइलवर ती सहज कशी मागवतो? कारण त्याच्या पडद्यावर तलवार ही रोजची गोष्ट झालेली असते. वाढदिवसाचा केक तलवारीने कापल्याबद्दल गुन्हे दाखल झाल्याच्या बातम्या महाराष्ट्रात अधूनमधून येतात. व्हिडिओ पाहणाऱ्याला मात्र केक दिसतो, टाळ्या दिसतात. पुढचं पोलीस ठाणं रीलमध्ये येत नाही.

दुसऱ्या टोकाला खरा छंदिष्ट आहे. त्याला मिरवायचं नसतं. फ्रान्समध्ये 1890 मध्ये जन्मलेला लाकडी मुठीचा ओपिनेल, स्वित्झर्लंडचा लाल व्हिक्टोरिनॉक्स, जपानी घडणीची स्वयंपाकाची सुरी, नेपाळची कुकरी अशा वस्तूंतली कारागिरी त्याला खुणावते. भारतात हा छंद अजून लहान आहे आणि असं सगळं मांडून ठेवलेलं दुकान आपल्या शहरात शोधूनही मिळणं कठीण. त्यामुळे जाणकार मित्र, दुकानदार आणि सल्लागार या तिघांची कामं एकटा ऑनलाइन समूहच करतो. रीलवाला आणि छंदिष्ट यांचे रस्ते वेगळे असले, तरी दोघांची खरेदी घडते पडद्यावरच.

समूह काय शिकवतो

समूहाचं पहिलं देणं म्हणजे नजर. नवखा माणूस चाकूची लांबी आणि चकाकी पाहतो. समूहात महिना-दोन महिने वावरला, की तो विचारू लागतो: पोलाद कोणतं? कठिणता किती? धारेचा कोन काय? घडीचा चाकू उघडल्यावर पातं कशाने अडकून राहतं? मूठ ओल्या हातातून निसटते का? हे ज्ञान पूर्वी लोहाराच्या भात्याशेजारी बसून मिळायचं. आता ते कुणालाही फुकट मिळतं. खोटा माल खपवणाऱ्या विक्रेत्याचं नाव चव्हाट्यावर येतं, तुटलेल्या पात्याचा फोटो दोन तासांत देशभर फिरतो, जुन्या मालाच्या देवघेवीत कोण विश्वासाचा हे कळतं.

पण त्याच समूहात एक शिडीही असते. पहिला चाकू काही शेकड्यांचा, पुढचा काही हजारांचा, मग ‘खऱ्या’ पोलादाचा, मग मर्यादित संख्येने निघणारा. विक्रीला येताच दहा मिनिटांत संपलेला चाकू न मिळाल्याची चुटपुट पुढच्या वेळी विचार न करता पैसे भरायला लावते. आपल्याला चाकू कशासाठी हवा होता, हे तोवर विसरायला झालेलं असतं. भाजी चिरायला एक सुरी पुरते. शिडीला मात्र वरची पायरी नसते.

अल्बर्ट म्युनिझ आणि थॉमस ओ’गिन या अभ्यासकांनी 2001 मध्ये एखाद्या ब्रँडभोवती जमणाऱ्या लोकांच्या गोतावळ्यावर निबंध लिहिला. आपण एका जातकुळीचे असल्याची जाणीव, सामायिक रीतिरिवाज आणि एकमेकांबद्दल वाटणारी नैतिक बांधिलकी, ही त्यांनी सांगितलेली तीन लक्षणं. चाकूवाल्यांच्या समूहात तिन्ही ढळढळीत दिसतात. नवा चाकू आला की खोकं उघडतानाचा व्हिडिओ टाकायचा, ही तिथली रीत. अशा रीती पाळता पाळता खरेदी हेच सभासदत्वाचं वर्गणीपत्र होऊन बसतं.

जे आधीच वर, तेच आणखी वर

गर्दीचा परिणाम किती, हे मॅथ्यू साल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स यांनी 2006 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवलं. त्यांनी 14 हजारांहून अधिक लोकांना 48 अनोळखी गाणी ऐकायला दिली. एका गटाला फक्त गाणी दिसत होती. बाकीचे आठ स्वतंत्र गटांत विभागले होते आणि आपापल्या गटात कोणतं गाणं किती जणांनी उतरवून घेतलं, हा आकडा त्यांच्यासमोर होता. आकडा दिसताच लोकप्रिय गाणी अधिक लोकप्रिय झाली आणि मागे पडलेली आणखी मागे पडली. शिवाय प्रत्येक गटात पहिला नंबर वेगळ्याच गाण्याचा लागू शकत होता. फार चांगलं गाणं सहसा तळाला गेलं नाही, फार वाईट सहसा शिखरावर पोचलं नाही. मधल्या सगळ्यांचं नशीब मात्र सुरुवातीच्या काही जणांनी ठरवलं.

चाकूचंही याहून निराळं नाही. ‘सगळे हाच सुचवतात’ या वाक्यात बरेचदा पहिल्या पाच-दहा जणांची पसंती आणि उरलेल्यांचा प्रतिध्वनी असतो. त्यातल्या काहींना तो चाकू फुकट मिळालेला असू शकतो. केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी 2023 मध्ये यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. पैसे, भेटवस्तू किंवा मोफत माल घेऊन शिफारस करणाऱ्याने ते स्पष्ट सांगायलाच हवं. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला 10 लाख रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास 50 लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. चाकूचं कौतुक वाचताना हा नियम आठवावा आणि विचारावं: हा तुम्ही विकत घेतलात का?

वाळूजला ठाऊक असलेलं पोलाद

समूहांत सर्वाधिक वाद पोलादाच्या नावांवर होतात. त्यातलं एक नाव डी-टू. परदेशी चाकूच्या पात्यावर ते कोरलेलं असतं आणि त्यासाठी लोक जादा पैसे मोजतात. आपल्या वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांत मात्र हे पोलाद डाय आणि पंच बनवायला सर्रास वापरतात. टूलरूमच्या बोलीत त्याला ‘एचसीएचसीआर’ म्हणतात, म्हणजे जास्त कार्बन, जास्त क्रोमियम. त्यात कार्बन सुमारे दीड टक्का आणि क्रोमियम सुमारे बारा टक्के. क्रोमियमचा बराचसा भाग कठीण कार्बाइडच्या कणांत अडकतो, म्हणून ते झिजेला चिवट आहे. पण एवढ्या क्रोमियममुळे वाटावं तितकं ते गंजरोधक नाही, आणि धार फार पातळ केली तर कण्या उडतात.

हे सगळं खरं ठरतं ते पोलादाला पाणी नीट दिलेलं असेल तरच. एकाच पत्र्यातून कापलेल्या दोन पट्ट्यांपैकी एक योग्य तापमानाला तापवून, थंड करून, पुन्हा नरमवून कामाला लावली आणि दुसरी घाईत उरकली, तर फोटोत दोन्ही सारख्याच दिसतील. कांदा चिरताना नाही. चाकूंच्या पोलादावर लिहिणारे अमेरिकन धातुशास्त्रज्ञ लॅरिन थॉमस यांचा भर यावरच असतो. पोलादाच्या नावाइतकंच उष्णतेचं संस्करण आणि धारेचा आकार महत्त्वाचा. ट्रकच्या जुन्या कमानपाट्यातून कोयता घडवणाऱ्या घिसाड्याला हे कुणी शिकवावं लागत नाही. त्याच्या मालावर नाव नसतं, म्हणून पडद्यावर त्याला भाव नसतो.

‘दमास्कस’ म्हणून विकल्या जाणाऱ्या लहरदार पात्यांचं प्रकरण तर आपल्या दाराशीच येऊन भिडतं. अरब जगात ज्या पोलादाच्या तलवारी गाजल्या, ते वुट्झ दक्षिण भारतात मुशीत तयार होई. त्याचं एक मोठं केंद्र कोनासमुद्रम, आजच्या तेलंगणातल्या निजामाबाद जिल्ह्यातलं. म्हणजे 1948 पर्यंत मराठवाडा ज्या निजामी मुलखात होता, त्याच मुलखातलं. त्या पात्यावरची नक्षी पोलादाच्या अंगातून उमटे. आज विकली जाणारी बहुतेक दमास्कस पाती दोन पोलादं जोडून, घडी घालून, आम्लात बुडवून बनतात. चांगल्या हाताने केली तर तीही उत्तम. स्वस्त मालात मात्र नक्षी नुसती पृष्ठभागावर उमटवलेली असते आणि दोन-चारदा धार लावली की ती पुसट होते.

जुनी तलवार, नवा गंज

जुन्या शस्त्रांच्या बाबतीत पडद्यावरचा सल्ला सर्वांत घातक ठरतो, कारण इथं वस्तूपेक्षा तिची कहाणी विकली जाते. ‘सरदार घराण्यातली’, ‘शिवकालीन धोप’, ‘मोगली कट्यार’. ज्या शहराचा पाया मलिक अंबरने घातला आणि ज्याच्या आसपास मोगलांच्या छावण्या पडल्या, तिथं अशी कहाणी चटकन पटते.

संग्रहालयं याउलट किती सावध असतात पाहा. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने जुलै 2024 मध्ये वाघनखं महाराष्ट्राला तीन वर्षांसाठी दिली. पण शिवाजी महाराजांनी वापरली ती हीच, याची खातरजमा करता येत नाही, असं त्या संग्रहालयाने स्वतःच नोंदवलेलं आहे. एप्रिल 2025 मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार 47 लाख 15 हजार रुपयांना मिळवली. ती फिरंग आहे, म्हणजे तिचं पातं युरोपीय. पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत नाव आहे. तिला किंमत आली ती त्या लेखामुळे आणि पूर्वेतिहासामुळे. अशी बातमी पसरली की युरोपीय छाप असलेली प्रत्येक तलवार कुणातरी सरदाराची व्हायला वेळ लागत नाही. खरं तर युरोपीय कारखान्यांच्या छापांची नक्कल हिंदुस्थानात त्या काळीही होत असे.

गंज आम्लाने चढवता येतो, सोन्याची अक्षरं आजही भरता येतात. मुठीत पातं लाखेने बसवलेलं आहे की आधुनिक चिकटपदार्थाने, हे फोटोत कळत नाही. शिवाय 1972 च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या अशा वस्तूंच्या व्यापाराला परवाना लागतो आणि त्या खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. विक्रेत्याकडे परवाना नसेल, तर कहाणी कितीही रंगतदार असो, व्यवहार तिथंच थांबवावा.

कायदा कुठल्या देशाचा?

समूहातलं ज्ञान जगभरचं असतं, कायदा मात्र आपल्या गावचा लागतो. ‘तीन इंचांपर्यंतचा चाकू चालतो’ हे वाक्य वारंवार वाचायला मिळतं. हा नियम ब्रिटनमधल्या घडीच्या चाकूंचा. दिल्लीच्या 1980 च्या अधिसूचनेतही 7.62 सेंटिमीटर, म्हणजे तीन इंच आहेत, पण ते खटक्याच्या चाकूंबाबत आणि दिल्लीपुरते.

शस्त्र नियम 2016 मध्ये तलवार, गुप्ती, खंजीर, भाला ही नावं थेट यादीत आहेत. 9 इंचांहून लांब किंवा 2 इंचांहून रुंद पात्याचे चाकू, कुकरीसह, त्याच वर्गात येतात. घरगुती, शेतीच्या, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली हत्यारं यातून वगळली आहेत. म्हणून दहा इंची स्वयंपाकाची सुरी चालते, तेवढ्याच लांबीचा ‘टॅक्टिकल’ चाकू अडचणीत आणू शकतो. बातम्यांत वाचतो तो ‘भारतीय हत्यार कायदा कलम 4/25’ इथंच लागतो. त्यात भर महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 ची. सणासुदीत, निवडणुकीत, तणावाच्या काळात पोलीस आयुक्त शस्त्रबंदीचा आदेश काढतात. मग एरवी खपून गेलेली वस्तू जवळ बाळगणंही कलम 135 खाली गुन्हा होतो. वेबसाइटवर विकायला होतं, हा बचाव नव्हे.

घेण्याआधी

समूह सोडा असं कुणी म्हणणार नाही. तिथं मिळणारी नजर दुसरीकडे मिळत नाही. पण समूह जे दाखवू शकत नाही, ते तपासायची सोय आपल्या शहरात आहे. पोलाद आणि कठिणता समजून घ्यायची असेल तर टूलरूममध्ये काम करणारा एखादा ओळखीचा निघतोच. जुन्या शस्त्राची घडण पाहायला शहरातली संग्रहालयं आहेत आणि जरा लांब गेलं तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय. तिथले अडकित्ते पाहिले की पात्याचा छंद तलवारीविनाही किती श्रीमंत असू शकतो, ते कळतं. मोराच्या, घोड्याच्या आकाराचे जुने अडकित्ते, विळ्या, सुऱ्या असा संग्रह पोलिसांना सतावत नाही आणि घरच्यांनाही.

चाकू आवडला तर आठवडाभर थांबा. बिल मागा, पात्याची लांबी-रुंदी मोजलेली मागा, शिफारस करणाऱ्याचा हितसंबंध विचारा. एवढं करूनही हवासा वाटला, तर खुशाल घ्या. आणि रीलसाठी तलवार मागवलेली असेल, तर ती ऑर्डर आजच रद्द करा. पन्नास लाइक देणाऱ्यांपैकी जामिनाला कुणीही येत नाही.